खुर्ची क्रमांक सातकडून

वॉशिंग्टन, तुला आधीच सांगून ठेवते:
ती निळ्या पाठीची कादंबरी घेऊ नकोस.
सुरेख आहे, पण तिच्यात पानापानावर
कुणीतरी पाणी पितं.
विहिरीचं, सुरईतलं, नळाला तोंड लावून.
नायिका तर मनसोक्त रडते
आणि वर घटाघटा दोन पेले.
आपल्याला दिवसाला तीन.
चाळिसाव्या पानावर मी ती मिटली
आणि बर्फाचा एक खडा चघळत बसले.

इथे मोंतेविदेओत, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा ते दहा,
खिडकीबाहेर नदी,
एवढी रुंद की पलीकडचा काठ कुणी पाहिलेला नाही.
आत आम्ही नऊ जण.
पुस्तकं आम्ही पानांवर मोजत नाही,
बैठकांवर मोजतो.
हे दीड बैठकीचं.
हे चारचं, पण तिसरीत सुई खुपते.

एक हात यंत्राच्या ताब्यात,
म्हणून पुस्तक दुसऱ्यात मावणारं हवं,
उघडलं की उघडं राहणारं.
मिटू पाहणाऱ्यांना निब्या कपड्यांचा चिमटा लावते.
पुठ्ठाबांधणीला आमच्यात कुणीच माफ केलेलं नाही.

नव्यात काय आहे, विचारतोस.
जहाजांच्या विम्याच्या कागदांवरून लिहिलेला
एक इतिहास आलाय. नावावर जाऊ नकोस.
बुडालेल्या एकेका बोटीवर काय होतं, त्याच्या याद्या:
छत्र्या, खेचरं, एका बँडची सगळी वाद्यं.
लेखिका कुठेच हळहळत नाही.
म्हणून तर एकशे बाराव्या पानावर
मला चष्मा काढावा लागला
आणि नर्सला वाटलं, रक्तदाब उतरला.

कथा हव्या असतील तर सालतोकडच्या एका पोराच्या आहेत,
पहिलंच पुस्तक. सगळ्या नको, तिसरी आणि शेवटची.
मधल्या त्याने कुणाला तरी दाखवायला लिहिल्यात.
तिसरीत टोलनाका बंद झाल्यावरही एक माणूस
रोज जाऊन फाटक वर करतो.
एवढंच.
पण कसं करतो ते वाच.

जुनं, थोर, वाचायलाच हवं असं
इथे कुणी कुणाला सुचवत नाही.
ते 'कधीतरी'च्या फळीवर असतं,
आणि कधीतरी हा वार
आमच्या आठवड्यात येत नाही.

जाड पुस्तकंही कुणी सुचवायचं नाही, एउलोहिओ सोडला तर.
त्याने माझ्या मांडीवर ठेवली दोन खंडांची कादंबरी,
याच वर्षी निघालेली, शाई हाताला लागत होती.
मी हिशेब केला: अडतीस बैठका.
म्हटलं, माझी थट्टा करतोस?
तो म्हणाला, "अडतीस तर मी तुझ्या
धरूनच चाललोय."
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
मग वाचायला घेतली.

मागच्या मंगळवारी रात्री त्याला फोन आला.
आम्ही सगळे ज्याची वाट पाहतो, तो.
बुधवारी खुर्ची चार रिकामी,
आणि कुणाच्याच तोंडून शब्द निघेना,
आनंद झाला म्हणून,
आणि आणखी एका कारणाने, ज्याचं नाव
आम्ही घेत नाही.

गडबडीत दुसरा खंड त्याच्या पिशवीत गेला.
चिठ्ठी पाठवलीय: वाचतोय, शेजारी तांब्याभर पाणी.
पहिला संपतो तिथे एक बाई
अर्ध्या उघडलेल्या दाराशी उभी आहे.
मी आठवडाभर तिच्यासोबत तिथेच उभी.

तर वॉशिंग्टन, खंड पहिला घे. एकोणीस बैठका.
सुरुवात रटाळ आहे, साठ पानं सोस.
दुसरा आणायला आपल्यापैकी कुणालातरी
त्याच्या घरी जावं लागेल,
चालत, नदीकाठाने,
वाटेत जिथे तहान लागेल तिथे थांबत.

आणि चिमटा निब्याला परत दे.